अस्तित्वातील पायवाट

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आबा कांबळ्यांनी नगरपालिकेच्या खो-खो मैदानाचं कुलूप काढलं. सहा वाजून बारा मिनिटांनी त्यांनी दीपाली चौगुलेंना फोन लावला.

"मॅडम, मैदानात रस्ता झालाय."

नगरपालिकेच्या बागा आणि मैदानं दीपालीकडे होती आणि या मैदानाची देखभाल तीस वर्षं आबांकडे. "कुठला रस्ता? फाटकासमोरचा?"

"न्हाई वं. मधनं. तुमी या आदी."

आबा भाचीच्या लग्नाला तीन दिवस पाटणला गेले होते. मैदान बंद होतं, तेवढ्यात ठेकेदारानं नगरपालिकेतल्या दुसऱ्या किल्लीनं काम उरकलं होतं. आष्ट्याहून गाडी दामटत दीपाली पोचली तेव्हा मैदानाच्या बरोबर मधोमध, दोरी लावल्यासारखी सरळ, चार फूट रुंद पेव्हिंग ब्लॉकची पट्टी होती. गुलाबी आणि करडी. खो-खोचे दोन्ही लाकडी खांब भिंतीशी आडवे पडले होते.

ही जमीन आबांनी चाळणीनं केली होती. लाल माती चाळायची, संध्याकाळी पाणी मारायचं, सकाळी रोलर फिरवायचा. पोरी चपला फाटकाबाहेर काढून आत येत. सूर मारला तरी कुणाचं कोपर कधी फुटलं नव्हतं. पुढच्या बुधवारी जिल्ह्याची निवड चाचणी याच मैदानावर व्हायची होती, आणि आबांची नात अक्षता संघाची कर्णधार होती.

"सतराखालच्या गटातलं तिचं शेवटचं साल हाय," आबा म्हणाले.

ठेकेदाराचा मुकादम पप्पू ब्लॉकवर बसून चहा पीत होता. दीपालीला बघून उठला.

"पप्प्या," आबा म्हणाले, "तू सवता खेळलायस की रं हितं. खांब उपटताना हात कसा चालला तुजा?"

"खेळलोय की आबा. पर नकाशात हाय म्हटल्यावर… मला वाटलं, वरनं काय तरी इचार केला असंल."

त्यानं मोबाइलवर नकाशा दाखवला. आकाशातून काढलेला मैदानाचा फोटो, मधोमध एक फिकट सरळ रेघ आणि तिच्या दोन टोकांना दोन ठिपके. रेघेवर लिहिलं होतं, 'अस्तित्वातील पायवाट – पक्की करणे.' ठिपक्यांवर, 'अडथळे – काढणे.'

दीपालीनं ती रेघ बोटांनी मोठी करून बघितली. मग तिच्या लक्षात आलं. खो-खोत आठ जणी दोन खांबांच्या मधल्या रेषेत बसतात आणि नववी त्यांच्या कडेनं धावते. तीस वर्षं पोरींचे पाय त्याच पट्ट्यात पडले होते. जमीन तिथं झिजून फिकी झाली होती. खुर्चीत बसून नकाशा काढणाऱ्या कुणाला तरी ती वाट वाटली. फाटकापर्यंत यायची तसदी कुणी घेतली नव्हती.

साडेदहाला ती अभियंता यशराज सावंतांच्या टेबलासमोर उभी होती.

"मॅडम, सर्वेक्षणाच्या कागदावर सही तुमचीच आहे," सावंतांनी फाइल फिरवून पुढे सरकवली. खाली तिच्याच अक्षरात शेरा होता. 'जे आहे त्याला हात लावू नये. आहे तेच नीट करावे.' मैदानात कारंजं घालायचं खूळ निघालं होतं, ते थोपवायला तिनं तो लिहिला होता.

"मग? आहे तेच नीट केलंय," सावंत म्हणाले.

"मैदान बघायला कोण आलं होतं?"

"फोटोत सगळं दिसतं."

"पोरी दिसल्या का?"

सावंत हसले. "आता काढायचं तर ठराव पाहिजे. सभा महिनाअखेरीला. तोवर पोरींनी सांगलीला जाऊन सराव करावा. शुक्रवारी उद्घाटन आहे, तेवढी पूर्णत्वाच्या दाखल्यावर सही करा."

"उद्घाटन कशाचं साहेब? ही वाट कुठनं निघते आणि कुठं जाते? तेवढं फलकावर लिहा, मग सही करते."

"चिडून काय होणार मॅडम?"

"नाही चिडले तर काय होणार तेही बघितलंय मी."

दाखला तिनं पर्समध्ये घातला आणि निघाली.

संध्याकाळी पोरी आल्या. सवयीनं चपला बाहेर काढल्या. आठ जणी एकीआड एक तोंड फिरवून ब्लॉकवर बसल्या. अक्षतानं खो घेतला, उठली, वळली आणि घसरली. गुडघ्याची साल निघाली. ती रडली नाही. पाय झाडत म्हणाली, "मॅडम, फोटो काढणाऱ्याला एकदा बसवा की हितं."

अख्खा बुधवार दीपालीनं वरच्या साहेबांच्या दारांशी बसून काढला. गुरुवारी सकाळी ती मैदानावर आली आणि आबांना म्हणाली, "काढा ब्लॉक."

आबा हलले नाहीत. "लेखी द्या मॅडम. रिटायर व्हायला माजं आठ म्हैनं ऱ्हायल्यात."

नगरपालिकेत पाण्याची नळी हलवायची तरी आबा चिठ्ठी मागत. एरवी ती वैतागायची. त्या दिवशी तिनं गाडीच्या सीटवर कागद ठेवून लिहिलं, 'मैदानाच्या दैनंदिन देखभालीचा भाग म्हणून खेळपट्टीवर पडलेला कचरा त्वरित हटवावा.' खाली सही, तारीख, वेळ.

आबांनी दोनदा वाचलं. "कचरा," ते म्हणाले, आणि कागद घडी घालून टोपीत ठेवला. मग पहार आणायला गेले.

शुक्रवारी सकाळी दहापर्यंत निम्मे ब्लॉक निघून भिंतीशी रचले गेले होते. फाटकाबाहेर उद्घाटनाचा मांडव उभा होता आणि माइकवर 'हॅलो, हॅलो' चाललं होतं. चोवीस तासांत खुलासा मागणारी नोटीस दीपालीच्या हातात पडली होती. दाखला पर्समध्येच होता, सही न केलेला. दोन्ही खांब अजून आडवे होते. आबा पहिल्या खांबाचा खड्डा मोकळा करत होते.