टेंभुर्णीची पट्टी

पासष्ट सालचा उन्हाळा असा तापला की शौकतच्या गिटारीच्या दांडीवरची पट्टी सरस सोडून उचकटली. बिजलीची गिटार तेव्हा सगळ्या नंदुरबारात एकच. नवल मास्तरांनी आपल्या बँडसाठी ती मुंबईहून जुनी आणली होती, आणि ती वाजवणारा शौकतही एकच. वरातीत हातगाडीवर बॅटरी, आवाज वाढवणारं मशीन, भोंगा, आणि गाडीपुढे गळ्यात गिटार अडकवलेला शौकत. तो वाजवायला लागला की माणसं नवरदेवाला सोडून त्याच्याकडे बघत.

शौकतने गिटार थोरल्या भावाकडे आणली. हारुन सुतार होता; दारं-खिडक्या करायचा, कुणाची बाजाची पेटी बिघडली तर तीही दुरुस्त करायचा. त्याने सुटलेली पट्टी खरवडून पाहिली. हलकं पांढरं लाकूड, वरून नुसता काळा रंग. हसून तो शिसवीचा तुकडा शोधायला उठला. नवी पट्टी त्याने घासून आरशासारखी केली, सुरांच्या जागी आडवे पितळी पडदे ठोकून बसवले, आणि स्वतःच्याच कामावर खूश होऊन गिटार भावाच्या हाती दिली.

थोड्या दिवसांनी शौकत पडलेल्या चेहऱ्याने परत आला.

"भाई, हाई पट्टी मुकी शे."

"आवाज कमी व्हयना का?"

"आवाज नही. हातले लागस नही. पहिले तार दाबी की बोटमा झणझण ये. आते काहीच नही."

नवल मास्तरांनी हे ऐकलं तेव्हा ते चिडलेच. आवाज तारांखालचं चुंबक उचलतं, लाकडाचा त्यात काय संबंध, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी पाठ फिरवून शौकतला वाजवायला लावलं आणि न वळताच सांगितलं की आवाज होता तोच आहे. हारुनला मात्र ते पटलं नाही. चुंबक काय उचलायचं ते उचलो. हात तर लाकडावरच फिरतो. वाजवणाऱ्याला जे लागतं ते ऐकणाऱ्याला कुठून कळणार? त्याचा भाऊ खोटं बोलणाऱ्यातला नव्हता.

म्हणून शिसवीहून कठीण लाकूड शोधायला तो खापर गावच्या बाजाराला गेला. उदेसिंग नावाचा ओळखीचा भिल्ल तिथे लाकूड घेऊन यायचा. त्याच्याकडे जुन्या टेंभुर्णीच्या झाडाच्या पोटातला काळा गाभा मिळाला. शाईसारखा काळा आणि इतका कठीण की पटाशीची धार पुन्हापुन्हा जाई. हारुनने त्यावर जीव ओतला. शौकतला दम नव्हता. पडद्यांची टोकं घासायची बाकी असतानाच त्याने गिटार ओढून घेतली आणि बाकावर बसून वाजवू लागला.

हारुन त्याच्या तोंडाकडे बघत होता. तोंडावर काही उमटेना.

"कसं शे?"

"तसंच," शौकत म्हणाला, पण थांबला नाही.

गिटार खाली ठेवल्यावर हारुनने सवयीने फडक्याने पट्टी पुसली. फडकं लाल झालं. काळ्या लाकडावर रक्त दिसलंच नव्हतं. न घासलेल्या पडद्याने शौकतच्या डाव्या करंगळीची कड चांगलीच चिरली होती.

"लागनं ना तुले? मीच घासं नव्हतं," हारुन ओशाळून म्हणाला.

"काय लागनं?" शौकतने विचारलं.

हारुनने त्याचा हात ओढून उलटा केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट किंचित वाकलेली होती, सरळ होत नव्हती. त्याने टोच्या उचलला, टोक करंगळीवर दाबलं. शौकत दुकानाबाहेर चाललेल्या मिरच्यांच्या गाडीकडे बघत राहिला. मग हारुनने त्याची बाही वर सारली. कोपराशेजारी उन्हातही न रापलेला फिकट चट्टा होता. त्या चट्ट्याचं नाव त्याला ठाऊक होतं, पण जिभेवर आणवेना.

शेवटी त्याने सांगितलं. "शौकत, लाकूडमा खोट नही. दवाखानामा चाल."

शौकत आधी हसला. मग त्याचा चेहरा काळवंडला. "तुले पट्टी जमनी नही, ते आते मन्हा हातले नावं ठेवस?" गिटार काखेत मारून तो निघून गेला. त्याची बायको शहाबानो दुसऱ्या दिवशी आली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहून म्हणाली, "भाईजान, त्यांना काही बोलू नका. जेवत नाहीत." हारुन गप्प बसला. ते गप्प बसणं त्याला पुढे फार जड गेलं.

लग्नसराई संपत आली होती. तापीकाठच्या एका गुजरांच्या गावात वरात थांबली असता शौकतने मशीन नीट करायला डावा हात घातला आणि आतल्या तापलेल्या काचेच्या दिव्यावर बोटं टेकून तो वाजंत्र्यांशी बोलत उभा राहिला. कातडी जळल्याचा वास आधी दुसऱ्यांना आला. कुणीतरी ओरडलं, कुणीतरी महारोगाचं नाव घेतलं, आणि मांडवातल्या बायांनी पोरं मागे ओढली. नवल मास्तर भला माणूस, पण त्यांनीही गिटार शौकतच्या गळ्यातून काढताना ती फक्त पट्ट्याला धरली.

मग मात्र दोघे भाऊ गाडीने चिंचपाड्याच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी हाताला हात लावून तपासलं, ह्याचंच शौकतला रडू आलं. गोळ्यांनी रोग थांबेल, घरच्यांत राहायला हरकत नाही, असं ते म्हणाले. गेलेली जाणीव परत येईल का, ह्यावर त्यांनी नकारार्थी मान हलवली.

नवल मास्तरांनी सुरतेहून नवा वाजवणारा आणायचं ठरवलं. तोवर गिटार हारुनच्या दुकानात होती; पडद्यांची टोकं घासून झाली होती. एका दुपारी शौकत आला, भाजलेला, मलमपट्टी केलेला डावा हात मांडीवर ठेवून बसला.

"भाई, तू दाब. मी वाजाडस."

हारुनला वाजवता येत नव्हतं. त्याने दांडी धरली, शौकत सांगेल तिथे तारा दाबल्या, आणि शौकतने उजव्या हाताने त्या छेडल्या. मशीन नव्हतं, भोंगा नव्हता. इवलासा आवाज दुकानातच विरला.

"लागस का?" शौकतने विचारलं.

"लागस."

"कसं?"

हारुनने शोधून पाहिलं. बोटाखाली काहीतरी थरथरत होतं आणि मनगटाकडे चढत होतं. त्याला सांगता येईना. शौकत त्याच्या तोंडाकडे बघत बसला. थोड्या वेळाने त्याने पुन्हा तार छेडली, आणि हारुनने बोट अजून घट्ट दाबलं.