हेलिकॉप्टर जाईपर्यंत

एल्डन प्रूइटने गॅसची टॉर्च माझ्या काउंटरवर आपटली. मागोमाग कागदी पिशवीतला काचेचा पाइप.

"परत घे हे. मार्लीसची बरगडी मोडली याच्यापायी."

सॅन फ्रान्सिस्कोहून आलेलं एक जोडपं गांजाच्या चॉकलेटांपाशी घुटमळत होतं. ते दारातून सटकलं.

"पाइप काय बायकोच्या छातीवर हाणलास?" मी विचारलं.

"खोकून मोडली. हाडांत कॅन्सर आहे तिच्या, विलो. एकदा जो खोकला लागला तो थांबेचना. मग कट् असा आवाज आला. मी ऐकला."

अर्क मीच विकला होता. गांजाची फुलं गरम पाट्यांत दाबून काढलेला, मधासारखा. कसा ओढायचा ते सांगायला लागले तेव्हा हाच म्हातारा म्हणाला होता, "तू लंगोटात होतीस तेव्हापासून गांजा पिकवतोय मी. चल, बांधून दे."

"पाइपची वाटी किती तापवलीस?"

"लाल होईस्तोवर."

"आणि अर्क?"

"वाटाण्याएवढा."

"आणि लगेच टाकलास?"

"मग काय, मुहूर्त बघू?"

आमच्या डोंगरात म्हणतात, खोकला नाही तर चढली नाही. एल्डनची सगळी पिढी या एका वाक्यावर गांजा ओढत आली. अर्काला ते वाक्य चालत नाही, हे त्यांना पटत नाही. या माणसांनी ईल नदीच्या वरच्या चढावर पाठीवरून खत नेलं, झाडांखाली झाडं लपवली. दर ऑगस्टला सरकारची हेलिकॉप्टरं यायची. एल्डन त्यात पकडला गेला, तुरुंगात जाऊन आला. पुढे तेच झाड कायदेशीर झालं, तेव्हा सरकार म्हणालं, परवाना हवा तर रस्ता बांध, टाकी बांध, इंजिनिअरची सही आण. तुरुंग भोगलेल्यांना परवाना मिळाला नाही. ज्यांच्या बोटांना कधी चीक लागला नाही, त्यांना मिळाला. अशाच एकाच्या दुकानात मी नोकरी करते. भिंतीवर पांढऱ्या दातांच्या पोरीचं पोस्टर आहे. त्या पोरीने हेलिकॉप्टर फक्त सिनेमात पाहिलं असेल.

मी टॉर्च आणि पाइप उचलला, पुढचं काम दुसऱ्या मुलीवर टाकलं आणि एल्डनच्या ट्रकमध्ये बसले.

मार्लीस व्हरांड्यात खुर्चीवर होती. छातीशी उशी घट्ट धरलेली.

"आलीस का, बरगडी मोडणारी?" तिने विचारलं.

"तुझ्या नवऱ्याने मोडली. माझ्यावर कशाला ढकलतेस?"

ती हसायला गेली आणि उशी आणखी दाबली. एल्डन आत निघून गेला.

"त्याला वाटतं, हे बंद करावं," ती हळू म्हणाली. "नर्सचं मॉर्फिन आहेच. पण ते घेतलं की मी झोपते. उठते तेव्हा तो शेडमध्ये जाऊन रडून आलेला असतो, आणि काल कुठला नि आज कुठला, मला कळत नाही. उरलेले दिवस झोपूनच काढायचे तर मेलेलं काय वाईट? गांजा सिगारेटसारखा ओढायला जावं तर दहा झुरक्यांचा दम नाही माझ्यात. एकच श्वास जमतो. त्या एका श्वासात काम व्हायला हवं."

मी एल्डनला हाक मारली. तो आला, पण दाराच्या चौकटीतच उभा राहिला.

"बस इथे. आणि आज मी बोलणार, तू ऐकणार."

पाइपला जोडलेली वाटी क्वार्ट्झची, म्हणजे ताप सोसणाऱ्या काचेची असते, नखाएवढ्या तळाची. मी टॉर्च पेटवली, ज्योत तळाशी फिरवली. काच लाल व्हायच्या आधी टॉर्च बंद केली आणि हातापासून लांब ठेवली.

"आता थांबायचं."

"किती?"

"ते टॉर्चवर असतं, काचेवर असतं, वाऱ्यावर असतं. तळवा वर धर. भाजणारी धग जाऊन नुसती ऊब लागली की अर्क टाकायचा."

त्याने तळवा धरला. "मला काहीच लागत नाही."

कसं लागणार? कुदळ आणि चीक यांनी ते तळवे केव्हाच चामड्याचे केले होते. मी मार्लीसकडे पाहिलं. ती काचेकडे बघत होती.

"झुडपाखाली पडून राहायचो तेवढं," ती म्हणाली.

"काय?" एल्डनने विचारलं.

"हेलिकॉप्टर यायचं तेव्हा. डोक्यावरून जायचं, मग कड्यापलीकडे. आवाज बारीक व्हायचा. पण तेवढ्यात उठायचं नाही, कारण मागून दुसरं असायचं. तोही आवाज विरला की मगच. तेवढं थांबायचं." मग तिने मान वळवली. "तू पहिलं गेल्यागेल्या उठलास, एल्डन. म्हणून सापडलास. तुरुंगात तू होतास, पण भोगलं मी. आता पुन्हा लवकर उठलास. भोगलं कुणी?"

एल्डनने वाटीवरचा हात मागे घेतला.

"पुन्हा तापव," मी म्हटलं. "आता घाई कोण करतंय बघू."

त्याने तापवली. टॉर्च बंद केली. मार्लीसने डोळे मिटले होते, कान कड्याकडे.

"अजून आहे," ती म्हणाली. एल्डनचा हात हलला आणि थांबला. मग बऱ्याच वेळाने तिने मान हलवली. "गेलं. टाक."

मी त्याला तांदळाच्या दाण्याच्या अर्ध्याएवढा अर्क काडीवर काढून दिला होता. त्याने तो वाटीत सोडला, वर काचेची झाकणी ठेवली. मार्लीसने हळूहळू, चहा चाखावा तसा श्वास घेतला आणि तोंडातून विरळ धूर सोडला.

खोकला आला नाही.

"चढली नाही," एल्डन घाबरून म्हणाला. "थोडा आणखी—"

"हात मागे!" मी ओरडले. "पहिल्यांदा एवढाच. आता बसून बघायचं."

आम्ही बसलो. कोंबड्या अंगणातून फिरून गेल्या. मार्लीसने उशीवरची पकड सैल केली.

"घरात काय शिजलंय?"

"घेवड्याचं सूप. पण तू खात नाहीस."

"आण."

तिने अर्धी वाटी सूप खाल्लं, मक्याच्या पावाचा तुकडा बुडवून. जागी राहिली. नदीपलीकडे कुणाच्या कुंपणाला कोणता रंग दिलाय, त्यावर आमच्याजवळ नावं ठेवत बसली. त्याआधी, पाइपची वाटी कोमट असतानाच मी एल्डनला कापसाची काडी दिली होती. "आताच पुस. मग जमलेलं काळं निघत नाही, आणि पुढच्या वेळी तिला जळकं ओढावं लागेल." तो मान खाली घालून पुसत होता. इतक्या काळजीने त्याला झाडंसुद्धा हाताळताना मी पाहिलं नव्हतं.

तो काळ उन्हाळ्याअखेरीचा. मार्लीस पहिल्या थंडीत गेली. मॉर्फिन घेतलं शेवटी, पण शेवटीच.

तिला पुरल्यानंतर मी दुकानातला उरलेला अर्क घेऊन वर गेले. तो विकायचा होता की फुकट द्यायचा, माझंच ठरलं नव्हतं. एल्डन व्हरांड्यातच बसला होता. समोर पाइप, वाटी आरशासारखी स्वच्छ. मला पाहून त्याने टॉर्च पेटवली, तळ तापवला, बंद केली. काडीच्या टोकावर अर्काचा दाणा घेऊन बसला.

आम्ही दोघं कड्याकडे बघत होतो.

तो थांबला. थांबतच राहिला; 'गेलं, टाक' म्हणणारं कुणी नव्हतं. वाटी गार झाली, हे मला दिसत होतं आणि त्यालाही. मग त्याने दाणा डबीत परत ठेवला, कापसाची नवी काडी काढली, आणि न वापरलेली वाटी पुसू लागला.