आत्याचा अंगठा

आत्याने देहदानाचा फॉर्म मला न विचारताच आणला. मी वैद्यकीय कॉलेजात शरीररचना शिकवते, म्हणजे घरचंच काम, असा तिचा हिशेब. अडलं ते जवळच्या नातेवाइकाच्या सहीपाशी. तो नातेवाईक म्हणजे माझे बाबा, तिचा धाकटा भाऊ. त्यांनी पेन हातात घ्यायलाच नकार दिला.

आत्या बहात्तर वर्षांची. पंचेचाळीस वर्षं शिवणकाम केलेली. आपल्या मागे आपल्यावर पोरांनी शिकावं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. बाबा दोन आठवडे विषय टाळत राहिले. शेवटी एकदा जेवताना, सही झाल्याशिवाय उठायचं नाही, असं तिने बजावलं, तेव्हा ते माझ्याकडे वळले.

"तुमच्याकडे आत्ता टेबलांवर कोण आहेत?"

मी खरं ते सांगितलं. तिघं आहेत, तिघंही बेवारस. मुदतीत कुणी न्यायला आलं नाही, म्हणून कायद्याने आमच्याकडे आले.

"त्यांना कुणी विचारलं होतं?"

"नाही."

"मग ज्यांना विचारायची सवयच नाही, त्यांच्या हाती ताईला देऊ?"

हा प्रश्न मलाही विद्यार्थी असल्यापासून टोचत होता, आणि मी रोज हात धुऊन घरी येत होते. आत्या मात्र खुलली. बाबा नुसते हळवे झालेत असं तिला वाटलं होतं; मुद्दा आहे म्हटल्यावर भांडता येणार होतं. तिने मला फर्मावलं की आधी तिला जिवंतपणी वर्गावर न्यायचं, आणि बाबांनाही.

विभागप्रमुख बाईंनी परवानगी दिली. आत्या टेबलावर पाय हलवत बसली. समोर पहिल्या वर्षाची तीस मुलं, नव्या एप्रनांत अवघडलेली. बाबा मागच्या बाकावर, हाताची घडी घालून. तिने उजवा अंगठा दाखवला. कात्री चालवून त्याच्या मुळाशी असलेला सांधा फुगला होता. पुढच्याच मुलाने तो चाचपायला हात घातला. तिने अंगठा मागे घेतला.

"मी हो म्हटलं का?"

मुलगा लालबुंद झाला. "हात लावू का, आजी?"

"आता लाव. चांगला दाब, मोडत नाही."

मग रांगच लागली. प्रत्येक जण विचारून हात लावत होता. एका मुलीने घाबरून तीनदा विचारलं, तेव्हा आत्या म्हणाली, "अगं लाव, तोवर मी मरेन." वर्ग खदखदून हसला, आणि बाबांची घडी सुटली.

पहिल्या मुलाने मला विचारलं की टेबलांवरच्या तिघांना आता कसं विचारायचं. नाही विचारता येणार, मी म्हटलं. पण आपणहून देणारे जेवढे वाढतील, तेवढं न विचारता घेणं कमी करता येईल, आणि मी तसं लेखी मागणार आहे. बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी तो अर्ज उद्याच टेबलावर हवा म्हणून सांगितलं.

बाबांनी तिथेच सही केली. साक्षीदारांसाठी दोनच ओळी होत्या. मुलांनी मागच्या कोऱ्या बाजूवर मिळून तीस सह्या ठोकल्या. अर्थातच कार्यालयातल्या कारकुनाने फॉर्म परत पाठवला. आत्याला आनंदच झाला. मुलांशी डाव्या खांद्याबद्दल बोलायचं राहूनच गेलं होतं म्हणे. दुसऱ्या खेपेला बाबा तिच्याआधी तयार होऊन दारात उभे होते, आणि पेन त्यांनी स्वतःचं घेतलं होतं.