दोन चौकट

“एका बोटाखाली दोन बटणं येतायत,” एर्सिलिया म्हणाली. “हे नको, विल्मार. दुसरं काढ.”

दुकानदार विल्मारने बगलेतला चहाच्या गरम पाण्याचा थर्मास खाली न ठेवता ते पत्ते खेळायचं तळहाताएवढं यंत्र पुन्हा खोक्यात सरकवलं. “एर्सिलियाबाई, लोक फ्रिज घ्यायलासुद्धा एवढा वेळ लावत नाहीत.”

“फ्रिजला ब्रिज खेळायचं नसतं.”

काउंटरपाशी खुर्चीवर झुल्मा बसली होती. उजवा हात मांडीवर निपचित, डावा काउंटरवर. “बरं,” ती म्हणाली. मार्चमधल्या पक्षाघाताच्या झटक्यानंतर तिच्याकडे एवढा एकच शब्द उरला होता. भूक लागली तरी बरं, चिडली तरी बरं.

मोंतेविदेओच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दोघींनी शेजारशेजारच्या खुर्च्यांवर सगळी नोकरी काढली होती. दिवसभर लोकांचे आवाज जोडून द्यायचे आणि गुरुवारी संध्याकाळी क्लबात समोरासमोर बसून ब्रिज खेळायचं. तिथे मात्र तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. हातात काय आहे ते जोडीदाराला कळवायचं ते बोली लावून, आणि बोली लावायची ती डब्यातलं छापील कार्ड काढून टेबलावर ठेवून.

यंत्राची कल्पना झुल्माच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या तिच्या मुलीची, माबेलची. आई दिवसभर खिडकीशी बसून असते, एकटीला खेळता येईल. त्यात वाईट काही नव्हतं. पण यंत्र एकदा घरी गेलं की झुल्माला क्लबात परत कुणी आणणार नाही, हे एर्सिलियाला दिसत होतं. क्लबच्या सेक्रेटरीने तर तिला सांगूनच टाकलं होतं, की या गुरुवारपर्यंत नवा जोडीदार बघा. वाचा गेली, बाकी किती गेलं ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. ऐकणाऱ्यांनी त्याचा अर्थ ‘सगळं गेलं’ असा लावला होता.

विल्मारने दुसरं यंत्र पुढे ठेवलं. जाडजूड, पुस्तकाएवढं, बटणं ठसठशीत. त्याने पत्ते वाटायचं बटण दाबलं. पडद्यावर तेरा पानं उमटली.

झुल्मा बराच वेळ बघत राहिली. मग डाव्या हाताची तर्जनी सावकाश खाली आली. दोन. चौकट.

यंत्राने क्षणभर विचार केला आणि तिचा जोडीदार म्हणून उत्तर दिलं: पास.

“बरं!” झुल्माने काउंटरवर हात आपटला.

विल्मार पडद्यावर वाकला. मग हळू आवाजात माबेलला म्हणाला, “चौकटचं एकच पान आहे हो त्यांच्या हातात. एका पानावर कुणी चौकट बोलत नाही.”

माबेलने तोंड फिरवलं. “राहू दे, मावशी,” ती एर्सिलियाला म्हणाली. “उगाच तिची परीक्षा नको. आपण रेडिओ घेऊ.”

“थांब गं जरा.” एर्सिलियाने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पानं मोजली. इस्पिक पाच. बदाम पाच. चौकट एक, किलवर दोन.

तिने पुन्हा मोजली.

“काय बये,” ती झुल्माला म्हणाली. “या डबड्याला आपलं दोन चौकट कुठून कळणार?”

“आपलं म्हणजे?” माबेलने विचारलं.

“आमची रीत. पुस्तकातली नाही, आम्ही एक्स्चेंजच्या कॅन्टीनमध्ये बसवलेली. दोन चौकट म्हणजे चौकट नाही; इस्पिक पाच आणि बदाम पाच. क्लबात सगळ्यांना सांगून ठेवलेली आहे. हिने बरोबर केलं. चुकलंय ते यंत्र.” ती झुल्माकडे वळली. “मी देते उत्तर. दोन नो-ट्रम्प, म्हणजे विचारते, हात केवढा आहे?”

पडद्यावरचा डाव केव्हाच पुढे सरकला होता. त्याकडे कुणी बघत नव्हतं. झुल्माने बटणांवर बोट ठेवलं. तीन. किलवर.

“याचा अर्थ काय?” विल्मारने विचारलं. थर्मास आता त्याने खाली ठेवला होता.

“हात हलका आहे, पण खेळण्याजोगा.”

माबेल आईच्या खुर्चीशी खाली बसली. “आई, तुला सगळं आठवतंय?”

“बरं,” झुल्मा म्हणाली. हे मात्र साधंच बरं होतं, विचारणारीची कीव केल्यासारखं.

“हेच बांध,” एर्सिलिया विल्मारला म्हणाली. “सकाळी बोटांना व्यायाम होईल. पण जोडीदार म्हणून चालायचं नाही.”

गुरुवारी ती क्लबात सगळ्यांच्या आधी पोचली. पत्ते उभे राहावेत म्हणून दाराच्या जुन्या पट्टीचा तुकडा कापून त्याला लांब खाच पाडून आणली होती. तो तिने झुल्माच्या जागेसमोर ठेवला. बोलीच्या कार्डांचा डबा नेहमीप्रमाणे त्या जागेच्या उजव्या कडेला टेबलाला पकडीने बसवलेला होता. सेक्रेटरी दारातून बघत होता.

“नवी जोडीदार मिळाली वाटतं?”

“जुनीच आहे,” एर्सिलिया म्हणाली. “जिन्यात आहे, माबेलबरोबर. तिला जरा वेळ लागतो.”

तिने पकडीचा स्क्रू सैल केला, डबा डाव्या कडेला सरकवला आणि पुन्हा घट्ट केला. मग वळसा घालून ती समोरच्या खुर्चीत बसली आणि दाराकडे बघत पत्ते पिसू लागली.