प्रश्न नेमका झाला

“हा संशोधनाचा प्रश्न आहे की मोर्च्यातली घोषणा?” सरांनी स्नेहलचा कागद एम.ए.च्या वर्गासमोर फडकवला. ‘पाड्यांवरची मुलं का मरतात?’ असं तिनं लिहिलं होतं. वर्गात खसखस पिकली. “का मरतात ते जगाला ठाऊक आहे, बाई. ज्याचं उत्तर कुणापाशी नाही आणि जे तुम्हाला मोजता येईल, असं काहीतरी आणा.”

पुन्हा पुन्हा खोडून अखेर तिनं मांडलं: दवाखान्यात न नेता, निव्वळ अंगणवाडीच्या आहारावर हडकुळं मूल सावरतं का?

“आत्ता कसं! पण मध्येच दवाखान्यात गेलं, तर कशानं सावरलं ते सांगता यायचं नाही. मग तुमचा प्रश्न मेला.”

स्नेहल धास्तावली. प्रबंध यंदा झाला नाही तर पुढे लेकीला, अक्षदाला, सांभाळणार नाही, असं तिच्याबरोबर शहापूरला राहायला येतानाच सासूबाईंनी सुनावलं होतं.

खर्डीपलीकडच्या पाड्यावर तिनं मुलं निवडली. दिवाळीनंतर बहुतेक आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली. उरलेल्यांत लहानी नावाच्या बाईच्या पोरावर, हनुमानवरच तिची सगळी भिस्त होती.

एके दिवशी तिला पाड्यावर पोचायला उशीर झाला. अक्षदाला दोन शिंका आल्या म्हणून आधी तिला डॉक्टरकडे नेऊन आणलं होतं.

लहानी ठेवणीतलं लुगडं नेसून, पोर पोटाशी धरून दारात उभी होती. तिच्या हट्टापायी नवऱ्यानं, कमळूनं, खर्डीवरून रिक्षा आणली होती.

“बाय, बरा झाला आलीस. रातभर जुलाब. दूध वढीत नाय. नेऊ ना गो दवाखान्यात?”

स्नेहलनं हनुमानच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली. पोराच्या अंगातलं पाणी आटलंय, हे तिला पक्कं कळलं. अक्षदा झाल्यापासून असल्या खुणा तिनं पाठच केल्या होत्या.

“दात येत असतील,” ती म्हणाली. “चार दिवस बघू. पेज पाजत राहा.”

“बघ! मी काय सांगत व्हतो?” कमळू बायकोवर खेकसला. “उगा नटून बसली. शिकलेली बाय खोटी बोलंल का?”

लहानीचा जीव भांड्यात पडला. तिनं पोराला झोळीत टाकलं.

“रिक्षा रिकामी कशाला जाईल?” कमळू म्हणाला. “बाय, तुमी बसा.”

स्नेहल बसली. रिक्षा सुरू होते तोच लहानी धावत आली आणि तिनं स्नेहलच्या मांडीवर रानातून खणून आणलेल्या करांद्यांची पिशवी ठेवली.

“तुज्या पोरीला उकडून दे गो. अंगाला लागतात.”