तांबड्या काचेची चौकट

मुलांनो, जरा अशी कल्पना करा, की तुमच्या डोळ्यांवर कुणी पांढरं फडकं बांधलं आहे. भिंत पांढरी, अंगण पांढरं, समोर उभी असलेली आईसुद्धा पांढऱ्या धुक्यात हलणारं काहीतरी. आणि ते फडकं सोडता येत नाही. दिवेआगरच्या भाऊंचे डोळे म्हातारपणी असे झाले होते.

त्यांना एक तांबडा रंग तेवढा कळे. ओटीच्या खिडकीला रंगीत काचा होत्या. सकाळचं ऊन तांबड्या काचेतून बाजेवर उतरलं, की भाऊ उठून संध्येला बसत. मग वादळात वाडीतला एक माड त्या खिडकीवरच कोसळला. भिंत गेली, तिथे माडाच्या विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधले. तेव्हापासून भाऊ दिवसभर विचारत, "सकाळ झाली का गं?" दुपारी विचारत, दिवेलागणीला विचारत. त्यांची सून आनंदीबाई उत्तर देऊन देऊन थकली. भाऊ तर विचारतानाही ओशाळत.

त्यांची नात श्यामला हिने चिखल उपसून दोन तांबड्या काचा अख्ख्या शोधल्या. त्या धुऊन, परकरात गुंडाळून ती विठोबा तांबटाकडे गेली.

"विठोबाकाका, यांना पितळेची चौकट करा. आजोबांच्या बाजेपाशी उभी राहील अशी."

विठोबा भात्याला टेकून बसला होता. सगळा जन्म हंडे ठोकण्यात गेला होता. आता आगबोटीने मुंबईची हलकी पांढरी भांडी येत, आणि विठोबाकडे लोक गळकी घागर घेऊन येत, तेवढीच. खांदा दुखे. हातोडा उचलायचा म्हणजे आधी एक सुस्कारा टाकावा लागे.

"बाय, मी भांड्यांचा माणूस. काच कधी हातात धरली न्हाय."

"मग आता धरा की!"

तो हसला, आणि हसला म्हणून अडकला.

त्याने पितळेची पट्टी वाकवून पन्हळीसारखी खाच केली. तीन बाजू जोडल्या, त्यांत एक काच सरकवली. काच जराशी हलली. तांबटाच्या हाताला फट सोसत नाही. फट म्हणजे गळती, गळती म्हणजे नाचक्की. त्याने कडा दाबून दाबून आवळल्या, डाग धरावा म्हणून नवसागर लावला आणि काच आत असतानाच चौथी बाजू कथलाचा तापता डाग देऊन जोडली.

पितळ निवता निवता टक् असा आवाज झाला. काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चिरली.

श्यामला रडली नाही. तिने दुसरी काच मात्र छातीशी धरली आणि म्हणाली, "आता ही एकच आहे."

"ठाऊक हाय, बाय," विठोबा म्हणाला. त्या वेळी तो फार म्हातारा दिसला. "ती घरी ने. माझ्याच्यानं व्हायचं न्हाय."

ती गेली नाही. काच घेऊन तिथेच बसून राहिली. विठोबाने चिरलेली काच बोटांनी चाचपली. पितळ तापलं की पसरतं, निवलं की आवळतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. पण घागरीचं पितळ आवळलं तर आवळू दे, आत पाणीच असतं. इथे आत काच होती.

त्याने पुन्हा पट्टी घेतली. या वेळी काच दूर ठेवून सगळे डाग दिले, चौकट पुरती निवू दिली. वरची बाजू उघडी ठेवून तिला नुसती कडी लावली. मग काच अलगद आत सोडली. चारी बाजूंनी फट राहिली. विठोबाला ती बघवेना.

सकाळी त्याने स्वतः चौकट नेऊन ओटीच्या कडेला उभी केली. ऊन आलं. भाऊंच्या पांढऱ्या धोतरावर तांबडा उजेड पडला.

भाऊंनी खाली वाकून त्या उजेडावर हात ठेवला. मग म्हणाले, "आनंदी, सकाळ झाली हो. माझी पळी-पंचपात्री दे."

तेवढ्यात समुद्रावरून वारा आला आणि काच चौकटीत खडखडली.

"हे काय वाजतंय?"

"माझं काम वाजतंय, भाऊ," विठोबा खाली मान घालून म्हणाला. "सैल ऱ्हायलं."

"वाजू दे की. तुझा हातोडा सगळ्या पाखाडीला उठवायचा, तेव्हा कोण बोललं तुला?"

आनंदीबाई पदर तोंडाला लावून हसली. विठोबा हसला नाही. त्याने कमरेची पक्कड काढली. "एकदाच दाबतो, जराशी," असं पुटपुटत तो चौकटीकडे वाकला.

श्यामलाने ती पक्कड त्याच्या हातातून काढून घेतली. त्याचं बोट धरून त्याला भाऊंच्या शेजारी सतरंजीवर बसवलं. मग ती त्याच्यासाठी गूळपाणी आणायला आत गेली. जाताना पक्कड मात्र बरोबर घेऊन गेली.