सुकदेवची बिनधुराची चूल

श्रावणात घरी बसवलेल्या कानबाई देवीचा चौरंग विसर्जनासाठी डोक्यावर घेऊन पांझरा नदीपर्यंत जायचा मान वच्छलाबाईचा. लग्न होऊन पिंपळनेरकडच्या त्या गावात आली तेव्हापासूनचा. पण त्या वर्षी अर्ध्या वाटेत तिच्या छातीत कळ आली, चौरंग जावेच्या डोक्यावर गेला आणि वच्छलाबाई बांधावर बसून लेकरासारखी रडली. कळेपेक्षा मान गेल्याचं दुःख मोठं होतं.

नवऱ्याने, सुकदेवने, तिला तडक धुळ्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून गोळ्या दिल्या. "हृदयाला रक्त कमी पडतंय. गोळ्या चुकवू नका, आणि घरातला धूर आधी बंद करा. सुधारणा दिसली तर पुढच्या कानबाईचं बघू."

बंद करा म्हणजे करायचाच! सुकदेव हट्टी गडी. हेलपाटे घालून त्याने पंचायत समितीकडून निर्धूर चूल पदरात पाडून घेतली, छपरातून नळकांडं बाहेर काढलं, आणि नवी नवरी आणल्यासारखी अख्खी गल्ली बघायला बोलावली. थंडीचे दिवस, म्हणून दार लोटलेलं. चुलीपुढे बैठक मारून तो बिडीवर बिडी ओढत तिचं कौतुक सांगत होता.

"दिखस का कोठे धूर?"

कोपऱ्यात वच्छलाबाईला ठसका लागला. साक्रीहून आलेली सुकदेवची थोरली बहीण भागाबाई डोळे चोळत म्हणाली, "सुकदेव, चूल तं आजून पेटेलबी नही. मंग हाऊ धूर कोठला शे?"

सगळ्यांच्या नजरा त्याच्या बोटांकडे गेल्या. आधी कुणीतरी फिस्कन हसलं, मग घर खदखदलं. वच्छलाबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली.

सुकदेवला ते चांगलंच झोंबलं. "बिडी मी वढस, अक्का. छाती हिनी कशी दुखी?"

हाच प्रश्न घेऊन, आपणच जिंकणार या खात्रीने, तो धुळ्याला गेला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "ओढणाऱ्याच्या रक्तवाहिन्या तर खराब होतातच, भाऊ. पण तुम्ही सोडलेला धूर, जळत्या टोकाचा धूर, शेजारी बसणाऱ्याच्याही छातीत जातो. त्याचंही हृदय बिघडतं. तुमच्या प्रत्येक बिडीत बाईंचा वाटा असतो. त्यांनी न मागता."

परतताना साक्रीला एसटीतून उतरून सुकदेवने खिशातला बिड्यांचा कट्टा गटारात टाकला.

पुढचे दिवस घरच्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक! सुकदेव बडीशेप चघळायचा, बैलांवर खेकसायचा, उगाच चुलीशी भांडायचा. पारावर कुणी बिडी पुढे केली की, "कानबाईनी आण शे," म्हणून उठून जायचा. पण उठून जायचा, हे खरं.

श्रावण आला. तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "न्या चौरंग. पण हळू चाला, दम लागला तर लगेच थांबा."

चौरंग वच्छलाबाईच्या डोक्यावर चढला. सुकदेव शेजारून हात पुढे धरूनच चालत होता. देवीपेक्षा बायकोच्या तोंडाकडे त्याचं जास्त लक्ष. चढ लागला तशी जाऊ पुढे झाली.

"माले कोणी हात लावू नका," वच्छलाबाईने ठणकावलं.

पांझरेच्या काठी तिने आपल्या हातांनी चौरंग उतरवला, कपाळाचा घाम पुसला आणि सरळ भागाबाईचे हात धरून फुगडीचा फेरा घेतला. "हळू! हळू!" सुकदेव ओरडत राहिला. मग सगळ्या गावासमोर त्याला रडू फुटलं. त्याची त्याला अजिबात लाज वाटली नाही.

वच्छलाबाई त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "पुढला सालबी चौरंग मीच लई येसू. तुम्ही आसाच बाजूले चाला."